झिंग्यांच्या टँकमधली फिरती चाकं : प्रस्तावना

नाशिकमध्ये गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात डोकावलं, तर एका टाकीत प्लॅस्टिकची छोटी चाकं खदखदताना दिसण्याची बरीच शक्यता आहे. तळातून ब्लोअरची हवा सुटत असते आणि हजारो चाकं वर-खाली घुसळत असतात. तिथला ऑपरेटर तिला ‘एमबीबीआरची टाकी’ म्हणतो आणि चाकांना नुसतं ‘मीडिया’. रहिवाशांना ही टाकी बहुधा वासामुळेच ठाऊक असते. देखभालीचा खर्च वाढला की सोसायटीच्या सभेत तिचं नाव निघतं, एरवी नाही.

तीच चाकं आता हौशी लोकांच्या काचेच्या टँकपर्यंत पोचली आहेत. टँकमध्ये मासे नाहीत, दोन-अडीच सेंटिमीटरचे गोड्या पाण्यातले झिंगे आहेत: लाल चेरी, निळे, पिवळे, काळे. टँकच्या मागे किंवा कोपऱ्यात एक उभी डबी, तिच्यात मूठभर चाकं, खाली एअर स्टोन. कॉलेज रोडच्या फ्लॅटमधला विद्यार्थी आणि शेडमध्ये रॅक लावून झिंग्यांची पैदास करणारा तरुण, दोघंही एकच प्रश्न विचारतात: हे लावल्याने झिंगे मरायचे थांबतील का? या प्रश्नाचं सरळ उत्तर कुणी देत नाही. विकणारा ‘हो’ म्हणतो आणि जुना हौशी ‘स्पंज फिल्टरच बरा’ म्हणतो. पुढची पानं या दोघांच्या मधल्या जागेसाठी लिहिली आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फिरत्या मीडियाचा फिल्टर झिंग्यांना उपयोगी आहे, पण ज्या कारणासाठी तो विकला जातो त्या कारणासाठी नाही. ‘जिवाणूंना जास्त जागा’ ही त्याची जाहिरात. झिंग्यांच्या टँकला मात्र एवढ्या जागेची गरज क्वचितच असते. त्याचा खरा गुण हा, की त्याला हात लावावा लागत नाही.

हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्झ या दोन फ्रेंच संशोधकांनी सांडपाणी वाळू आणि चुनखडीच्या थरातून हळूहळू झिरपू दिलं. सुरुवातीचे बरेच दिवस काहीच झालं नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट आलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम थांबायचं. मातीचं थोडं पाणी घातलं की पुन्हा सुरू व्हायचं. म्हणजे हे काम रसायनाचं नव्हतं, कुणीतरी जिवंत ते करत होतं. १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. अमोनियाचं नायट्राइट करणारे निराळे, नायट्राइटचं नायट्रेट करणारे निराळे. आजही टँक ‘सायकल’ करताना आपण जे दिवस मोजतो, ते श्लोझिंग-म्युन्झ यांच्या त्या सुरुवातीच्या रिकाम्या दिवसांचेच वंशज आहेत. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. पोटातला ई-कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. घाई करून काही मिळत नाही.

मत्स्यालयाच्या जुन्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी सापडते. १९९०च्या दशकात गोड्या पाण्याच्या टँकमधले नमुने तपासले गेले तेव्हा दुसऱ्या कामावर नायट्रोबॅक्टर जवळजवळ दिसलाच नाही; तिथे नायट्रोस्पायरा बसलेला होता. २०१५ साली आणखी एक धक्का बसला. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच करणारा नायट्रोस्पायरा दोन संशोधक गटांना सापडला, आणि त्यांतल्या एका गटाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच आलेला होता. बाटलीबंद ‘बॅक्टेरिया’ विकत घेण्याआधी एवढा इतिहास लक्षात असावा. आपल्या टँकमध्ये नक्की कोण राहायला येणार, हे बाटलीवरचं लेबल ठरवत नाही. पाणी, तापमान आणि खाद्य ठरवतं.

चाकांची कल्पना नॉर्वेची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ट्रॉन्डहाइमचे प्राध्यापक हालवार्ड ओडेगार्ड आणि काल्डनेस ही कंपनी यांनी ती घडवली. अडचण साधी होती. स्थिर जाळ्यांवर किंवा दगडांवर जिवाणूंचा थर वाढवला की तो कालांतराने गच्च होतो, पाणी वाट शोधून एकाच बाजूने पळतं आणि उरलेला भाग कुजतो. मग आधारच सुटा करून पाण्यात फिरवला तर? पाण्यापेक्षा किंचित हलकं पॉलिथिलीन, घनता ०.९५च्या आसपास, आकार सुमारे ९ मिलिमीटर व्यास आणि ७ मिलिमीटर लांबी, आत आडव्या-उभ्या भिंती, बाहेर पंखासारख्या कडा. चाकं एकमेकांवर आपटतात, त्यामुळे बाहेरच्या बाजूला थर टिकत नाही. आतल्या खणांत तो सुरक्षित राहतो, आणि तिथेही जास्त जाड झालेला भाग सुटून पडतो. पातळ, ताजा, ऑक्सिजन मिळणारा थर कायम राहतो. मूळ ‘के-वन’ चाकाची अशी सुरक्षित जागा घनमीटरला सुमारे ५०० चौरस मीटर धरतात, म्हणजे लिटरभर चाकांत अर्धा चौरस मीटर. टाकीत चाकांचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांशाच्या वर नेत नाहीत, नाहीतर ती फिरतच नाहीत.

नाशिककरांना या गोष्टीचं मोल गोदावरीवरून कळावं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथली महापालिकेची केंद्रं आपण बातम्यांत वाचतो. जुन्या केंद्रांमध्ये यूएएसबी हे तंत्र वापरलेलं आहे. त्यात मैला हवेशिवाय कुजवतात. वीज कमी लागते, सेंद्रिय घाण बरीच उतरते, पण अमोनिया जवळजवळ तसाच बाहेर पडतो, कारण त्याचं नायट्रेट करणाऱ्यांना ऑक्सिजन हवा. अमोनिया आणि फॉस्फेट हे पाणवेलींचं खत आहे. उन्हाळ्यात नदीवर पसरणारा तो हिरवा गालिचा पाहिला, की हवेविना चालणाऱ्या टाकीपुढे हवेची टाकी का लागते ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. टँकमधली डबी हे त्याच हिशेबाचं घरगुती रूप आहे.

आता तो हिशेब मांडू. समजा ४० लिटरचा टँक आहे आणि त्यात शंभरेक चेरी झिंगे. रोज पाव ग्रॅम खाद्य जातं, त्यात ३५ टक्के प्रथिनं. मत्स्यपालनात वापरतात तो ठोकताळा असा की खाद्य गुणिले प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२ एवढा अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. उत्तर येतं दिवसाला ८ मिलिग्रॅम. सगळाच पाण्यात राहिला तर लिटरला ०.२ मिलिग्रॅमची रोजची भर पडेल. आता लिटरभर चाकांचा अर्धा चौरस मीटर घ्या. सांडपाण्यात, भरपूर अमोनिया असताना, असा एक चौरस मीटर दिवसाला ग्रॅमभर अमोनिया संपवू शकतो. टँकमध्ये अमोनिया अगदी कमी, म्हणून वेगही कमी. दहावा हिस्सा धरला तरी अर्ध्या चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. गरज आठची, क्षमता पन्नासची. पाव लिटर चाकंसुद्धा पुरून उरतील, आणि तेवढंच काम एक बरा स्पंज फिल्टर, वाळू, झाडांची पानं आणि टँकची मागची काच मिळून आधीच करत असतात. ‘जागा जास्त’ हा मुद्दा इथेच संपतो. रॅकवर दाटीवाटीने पैदास करणाऱ्यांचा हिशेब निराळा, त्यांच्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

मग उपयोग काय? स्पंज भरत जातो. तो पिळावा लागतो, आणि हौशी माणूस तो पिळतो नळाखाली. क्लोरीनच्या पाण्याने निम्मी वस्ती संपते, आठवडाभर टँक डळमळतो, आणि दोष ‘खराब लॉट’ला जातो. फिरती चाकं भरत नाहीत. घाण अडवणं हे त्यांचं कामच नाही, त्यामुळे धुण्याचा प्रसंग येत नाही. स्पंज पिळला, वाळू उपसली, झाडं काढली, तरी नायट्रिफिकेशनचा एक भाग कुणाचाही हात न लागता चालू राहतो. झिंग्यांना हा स्थिरपणा माशांपेक्षा अधिक लागतो. पाण्याच्या गुणधर्मात अचानक फरक पडला की ते कात टाकायची घाई करतात आणि अर्ध्यावर अडकून मरतात.

पण याच यंत्राची एक उलटी बाजू आहे आणि ती माशांच्या पुस्तकांत सापडणार नाही, कारण माशांना तिच्याशी देणंघेणं नाही. झिंगे दिवसभर जे खरवडून खातात तो हाच जिवाणू-शेवाळ-बुरशीचा पातळ थर. स्पंजवर बसलेली पिल्लं पाहिली आहेत ना? नुकतंच अंड्यातून बाहेर पडलेलं चेरीचं पिल्लू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं, ते दूरवर खाद्य शोधत जात नाही, जिथे आहे तिथलाच थर खातं. स्पंज म्हणजे त्याचं घर आणि ताट एकच. चाकं मात्र सतत हलतात, त्यांच्यावर बसून खाता येत नाही. म्हणून ज्यांनी सगळे स्पंज काढून फक्त चाकांची डबी ठेवली, त्यांच्या टँकचं पाणी चाचणीत निर्दोष येतं आणि पिल्लं तरीही कमी उरतात. माझा सल्ला सोपा आहे: स्पंज ठेवा, चाकं जोडा. चाकांवरून सुटलेला बारीक गाळ टँकमध्ये परत येतो, तो स्पंजवर अडकतो आणि पिल्लांच्या तोंडी लागतो. पाणी थोडं धुरकट दिसेल. काचेसारख्या पाण्याचा हट्ट असेल तर झिंगे पाळू नका, फोटो काढा.

मांडणीबद्दल थोडं. चाकं झिंग्यांच्या पाण्यात मोकळी सोडू नयेत. आत-बाहेर करणारी पिल्लं दोन चाकांमध्ये चेंगरतात आणि बुडबुड्यांच्या खळबळीत मोठे झिंगेही थाऱ्यावर राहत नाहीत. वेगळी डबी, बारीक स्टीलची जाळी आणि पाणी आत घेण्याच्या तोंडावर जाड स्पंज, एवढं हवंच. डबी गोल बुडाची चांगली; चौकोनी डबीच्या कोपऱ्यात चाकं अडकून बसतात. एअर स्टोन मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवावा, म्हणजे पाणी एका अंगाने चढून दुसऱ्या अंगाने उतरतं आणि चाकं गोल फिरतात. फार बारीक बुडबुड्यांनी चाकं फिरत नाहीत, जरा मोठे बुडबुडे लागतात. डबी निम्मी भरली तरी पुष्कळ. नवी चाकं पहिले काही आठवडे तरंगत राहतात, कारण कोरं प्लॅस्टिक पाणी धरत नाही. घाबरून हवा वाढवू नये, थर बसला की ती आपोआप खाली उतरतात. आतून तपकिरी छटा दिसू लागली की समजावं वस्ती झाली. हवा इतकीच हवी की चाकं सावकाश लोळतील. जोरात आदळली तर आतला थरही टिकत नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेल्यावर टँकचं पाणी पंपात आणि पंपातून जमिनीवर.

वीज जाते, हे धरूनच चालायचं. बंद कॅनिस्टर फिल्टरमध्ये काही तास पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि सुरू होताना सडलेलं पाणी टँकमध्ये येतं. उघड्या डबीतल्या चाकांचं तसं होत नाही, ती फक्त थांबतात. वर सांगितलेल्या हलक्या भाराच्या टँकला दुपारभर हवा नसली तरी चालतं. उन्हाळा मात्र निराळा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, म्हणजे मुळातच पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन मुंबईपेक्षा थोडा कमी, आणि पाणी ३० अंशांवर गेलं की आणखी कमी. याच काळात जिवाणूंची आणि झिंग्यांची दोघांचीही ऑक्सिजनची मागणी वाढलेली असते. एप्रिल-मेमध्ये बॅटरीचा छोटा पंप ही चैन समजू नये. हिवाळ्यात उलट प्रकार: निफाडचा पारा राज्यात नीचांक गाठतो तेव्हा घरातला टँकही गारठतो, जिवाणू मंदावतात. अशा दिवसांत खाद्य अर्ध्यावर आणा.

पाण्याच्या रसायनात एका गोष्टीकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. नायट्रिफिकेशन पाण्यातली क्षारता खातं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे ७.१४ ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. आपल्या ८ मिलिग्रॅमच्या हिशेबाने महिन्याभरात ४० लिटरच्या टँकमधली क्षारता लिटरला ४० मिलिग्रॅमच्या पुढे घसरते, म्हणजे केएच दोन अंशांहून अधिक. बोअरच्या कडक पाण्यात हे जाणवत नाही. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी त्या मानाने मवाळ. त्यात केएच मुळात कमी असेल तर पाणी न बदलणाऱ्याचा टँक एके दिवशी आम्ल होतो. आरओचं पाणी वापरणाऱ्यांना तर आधार काहीच नाही. टीडीएस मीटर हे दाखवत नाही, तो सगळे क्षार एकत्र मोजतो. थेंबांची केएच चाचणी घ्या. क्रिस्टल रेडसारखे कॅरिडिना झिंगे मुद्दाम आम्ल मातीवर, शून्याजवळच्या केएचवर ठेवतात. तिथे चाकांना वस्ती धरायला कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यातही निसर्गाने एक सवलत ठेवली आहे: पीएच ८ला अमोनियाचा जो हिस्सा विषारी रूपात असतो, त्याचा साधारण दहावा भाग पीएच ७ला असतो, आणि त्याखाली आणखी कमी.

आणि आता मोरचूद. द्राक्षांच्या जिल्ह्यात झिंगे पाळणाऱ्याने हा शब्द विसरू नये. डाऊनीवर मारायचं बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. त्यातलं तांबं झिंग्यांना अत्यल्प प्रमाणातही मारतं. गंमत अशी की झिंग्यांचं रक्तच तांब्यावर चालतं, पण लागतं त्याहून किंचित जास्त झालं की तेच विष. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे बागेत फवारणी करून आलेल्या हातांनी टँकमध्ये हात घालू नये. बागेलगतच्या विहिरीचं पाणी पारखल्याशिवाय वापरू नये. पंपाची टाकी धुतलेल्या बादलीने पाणी बदलू नये. बाजारातला पालक उकडून झिंग्यांना घालण्याची पद्धत आहे. तो कुठल्या शेतातला, त्यावर काय मारलं, हे माहीत नसेल तर घरच्या कुंडीतला घाला. चाकं यातलं काहीही अडवू शकत नाहीत. उलट तांबं जास्त झालं तर त्यांच्यावरचे जिवाणूही मंदावतात. झिंगे मेल्यावर अमोनियाची चाचणी शून्य दाखवते आणि माणूस चक्रावतो. त्याने कीटकनाशक आणि कात या दोन दिशांनी शोध घ्यायला हवा, नवा फिल्टर आणण्याच्या नाही.

वाढलेली पिल्लं गोदावरीत किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यात सोडण्याचा मोह काहींना होतो. नांदूरमध्यमेश्वर हे २०२० साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ आहे, आणि आपल्या नद्यांत स्वतःचे देशी झिंगे आहेत. पूर्व आशियातले चेरी झिंगे जर्मनी आणि पोलंडमध्ये उष्ण पाणी सोडलेल्या जागी स्थायिक झालेले आढळले आहेत. आपल्याकडे तर पाणी तापवायचीही गरज नाही.

पुढच्या प्रकरणांत डबी घरी बनवण्याची पद्धत, रॅकसाठी एकत्र सम्प, आणि थर बसेपर्यंतच्या आठवड्यांत कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते दिलं आहे. ते वाचून ज्यांचा टँक वर्षभर स्थिर चालला आहे त्यांना एकच विनंती आहे. नव्याने सुरू करणाऱ्याला बाटली घ्यायला लावण्यापेक्षा आपल्या डबीतली मूठभर तपकिरी चाकं द्या. विरजणाइतकं दुसरं काही लागत नाही. देण्याआधी टँकमध्ये हायड्रा किंवा प्लॅनेरिया नाहीत ना, झिंग्यांच्या पोटाखाली हिरवट बुरशी दिसत नाही ना, ते पाहा. असेल तर देऊ नका आणि तसं सांगा. चाकं टँकच्याच पाण्यात, झाकण सैल ठेवून न्या, वाटेत उन्हात ठेवू नका, आणि त्याच दिवशी डबीत टाकून हवा सुरू करा.